पन्नासपैकी पन्नास, तरी मनात बसत नाही

अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदर २०१७ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर पन्नास लढती होत्या आणि पन्नासही विजय. नाशिकच्या कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर फाइट बघणाऱ्या पोरांचं एखादं टोळकं असतंच, त्यांच्यात हे नाव काढून बघा. "पळपुटा आहे तो." "मिठ्या मारतो नुसता." "झोप येते भाऊ त्याची फाइट बघताना." त्याच पोरांपुढे फिलिपिन्सच्या मॅनी पॅकिआओचं नाव घेतलं की सगळे सावरून बसतात. आणि हा पॅकिआओ २ मे २०१५ रोजी लास वेगासमध्ये याच मेवेदरकडून हरलेला आहे, तोही तिन्ही जजच्या मते.

हरलेला लाडका आणि जिंकलेला नकोसा, हा उलटा हिशेब बॉक्सिंगमध्ये शंभर वर्षं तरी चालत आलाय. त्यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. जाणकार म्हणतात, "लोकांना खेळ कळत नाही." लोक म्हणतात, "हा खेळच नव्हे." माझ्या मते दोघंही अर्धवट बोलतात. बॉक्सिंगमध्ये गुण एका गोष्टीचे मिळतात आणि प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ही गोम एकदा ध्यानात आली की बरीचशी नावडती नावं आपोआप उलगडतात. सगळी नाही, त्याबद्दल पुढे येतोच.

आधी गुणांचं बघू. व्यावसायिक लढतीत तीन जज असतात. विजेतेपदाची लढत पुरुषांसाठी बारा राउंडची, राउंड तीन मिनिटांचा. प्रत्येक राउंडला जो सरस ठरतो त्याला १० आणि दुसऱ्याला सहसा ९ गुण. एखाद्याला खाली पाडलं तर साधारण १०-८. जजनं चार गोष्टी बघायच्या: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातला 'परिणामकारक' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं अंगावर धावून जाण्याला कार्डावर, म्हणजे जजच्या गुणपत्रिकेवर, किंमत नाही. धावून जाऊन काही लागलं पाहिजे.

आणि इथेच सगळा खेळ फिरतो. प्रत्येक राउंडचा हिशेब वेगळा, तो संपला की पाटी कोरी. समजा एका राउंडमध्ये दोघांनीही फारसं काही केलं नाही, पण मी दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, जास्त लावले. १०-९ माझे. पुढच्या राउंडमध्ये समोरच्यानं मला दोरांवर दाबून बेजार केलं, नाकातून रक्त काढलं, पण मी पडलो नाही. बहुतेक वेळा १०-९ त्याचे. म्हणजे माझे दोन जॅब आणि त्याची ती तीन मिनिटांची दाणादाण, दोन्हींची किंमत एक गुण. मग शहाणा माणूस काय करेल? दोन-दोन जॅबचे राउंड गोळा करत जाईल. असे बाराच्या बारा राउंड चिमूटचिमूट जिंकले तर कार्डावर १२०-१०८ लागतं. घरी बसलेला माणूस म्हणतो, "अरे, काही झालंच नाही आणि हा एकतर्फी जिंकला कसा?" त्याचंही चूक नाही. काही झालं नव्हतं हे खरं, आणि एकतर्फी होतं हेही खरं.

मेवेदर-पॅकिआओ लढतीत नेमकं हेच झालं. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. नाशिकमध्ये रविवारची सकाळ म्हणजे मिसळ, त्यामुळे अर्ध्याअधिक लोकांनी ती लढत तर्रीच्या वाटीशेजारी मोबाईल टेकवून पाहिली असणार. 'शतकातली सर्वांत मोठी लढत' अशी जाहिरात होती. अमेरिकेत घरबसल्या बघायचे जवळपास शंभर डॉलर मोजावे लागत होते आणि तरी ४६ लाख ग्राहकांनी ती विकत घेतली. निकाल लागला ११८-११०, ११६-११२, ११६-११२. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत मेवेदरचे १४८ ठोसे लागलेले, पॅकिआओचे ८१. पण पॅकिआओ पुढे सरकत होता, हात चालवत होता, चार-चार ठोशांच्या झडी लावत होता. त्यातले बरेचसे ग्लोव्हजवर, दंडावर आणि हवेत जात होते. टेबलावर बसून मोजणाऱ्याला मेवेदर सहज जिंकलेला दिसला. नुसतं बघणाऱ्याला लढताना दिसला तो पॅकिआओच.

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या दंगलीला जाऊन बसा, हेच दिसेल. दोन तयारीचे पैलवान खडाखडी करत राहिले, मनगटं धरून एकमेकांचा अंदाज घेत राहिले की पाच मिनिटांत कडेनं आरोळ्या सुरू होतात, "अय, लढा की!" लोकांना निकाली कुस्ती हवी असते. पाठ मातीला लागलेली दिसली पाहिजे. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला इनाम मिळतं, पण फेटे उडत नाहीत. याला एक अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरनं २०२० साली महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली ती ३-२ अशी गुणांवरच. पण तो आपला होता. आपल्या माणसाचा गुणांवरचा विजय कुणाला अळणी लागत नाही. हे 'आपला असणं' पुढे कामाला येणार आहे.

आता जरा जवळ जाऊन बघू, की हे 'पळपुटे' करतात तरी काय. मेवेदरच्या बचावाला शोल्डर रोल म्हणतात. डावा हात खाली, पोटाशी आडवा. डावा खांदा इतका वर की हनुवटी त्याच्यामागे दडलेली. उजवा तळहात गालाजवळ उघडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याचा गार्ड पडलाय, आता खातोय मार. समोरच्याचा उजवा ठोसा सुटतो. मेवेदर हातानं काहीच करत नाही. कमरेतून थोडासा वळतो आणि ठोसा खांद्याच्या गोलाईवरून घसरून जातो. ज्याचा ठोसा असा घसरला त्याचं वजन क्षणभर पुढच्या पायावर गेलेलं असतं आणि हात परत यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मेवेदरचा उजवा हात सरळ रेषेत जाऊन परत आलेला असतो. एक ठोसा. मग एक पाऊल बाजूला, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. हे त्याला घरातूनच मिळालं. वडील बॉक्सर, काका रॉजर मेवेदर तर स्वतः विश्वविजेता आणि पुढे याचा प्रशिक्षक.

हे करायला लहानपणापासून हजारो तास जातात आणि नीट जमलं की ते बघण्यासारखं काही उरतच नाही, ही यातली गंमत. चांगला बचाव म्हणजे न घडलेली घटना. ठोसा चार इंचांनी चुकवला काय आणि अर्ध्या इंचानं काय, टीव्हीवर दोन्ही सारखेच. त्यात कॅमेरा बहुतेक वेळा बाजूनं असतो. हात आणि चेहरा यांच्यातलं अंतर त्याला कळत नाही. त्यामुळे हवेत गेलेला ठोसा लागल्यासारखा दिसतो आणि ग्लोव्हवर बसलेल्या ठोशाचा आवाज मोठा असल्यानं प्रेक्षागृह 'ओ' करतं. स्वच्छ लागलेला जॅब मात्र फारसा आवाजही करत नाही. आवाज बंद करून बघितलेली लढत आणि समालोचनासकट बघितलेली लढत या दोन वेगळ्या लढती असतात. पटत नसेल तर करून बघा, एका लढतीपुरतं.

आमच्या घरातला एक पोरगा बॉक्सिंग शिकतो, म्हणून शालेय जिल्हास्तर स्पर्धेला जाणं होतं. तिथं हा सगळा वाद तीन हातांवरून ऐकायला मिळतो. रिंगच्या एका बाजूला पालक: "मार ना त्याला! घाबरतो काय!" कोपऱ्यात सर: "हात वर. पाय, पाय! सरक डावीकडं." दोन्ही आवाज एकाच पोराच्या कानात, आणि पोरगं बिचारं बापाकडं बघावं की सरांकडं या पेचात मधेच एक ठोसा खातं. एकदा एक किडकिडीत मुलगा पूर्ण लढतभर जॅब मारून बाजूला होत राहिला आणि जिंकला. हरलेल्या मुलाचे वडील तावातावानं सरांकडे आले. "आमचा लढला, सर. तो नुसता पळत होता." सरांनी टॉवेल खांद्यावर टाकत म्हटलं, "काका, तुमच्या पोराचं नाक बघा आणि त्याचं बघा. मग सांगा कोण लढलं." काकांनी नाक बघितलं. मत काही बदललं नाही.

जागतिक पातळीवर याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे गिलेर्मो रिगोंडो. क्युबाचा डावखुरा बॉक्सर, २०००च्या सिडनी आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बँटमवेट या हलक्या वजनगटाचं सुवर्ण. तो असा का लढायचा हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर उघडउघड वरचढ असताना निकाल ३-२ असा दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनच्या बाजूनं दिला गेला. प्रचंड बोभाटा झाला. जजवर विसंबायचं नाही म्हणून १९९२पासून ऑलिंपिकमध्ये यंत्र आलं. पाच जजसमोर बटणं, आणि साधारण एका सेकंदाच्या आत किमान तिघांनी बटण दाबलं तरच तो ठोसा गुणांत धरायचा. आता विचार करा, कोणता ठोसा तिघांना एकदम दिसेल? लांबून आलेला, सुटा, सरळ, डोक्यावर लागलेला. जवळून बरगड्यांत घातलेले चार ठोसे कितीही जोरदार असोत, तिघांच्या बोटांचा मेळ बसेपर्यंत ते होऊन गेलेले असतात. मग जगभरच्या शाळांनी तेच घोटून घेतलं. लांब राहा, एक लावा, निसटा. क्युबाची शाळा त्यात सर्वांत तयार. आपल्या विजेंदर सिंगचं २००८च्या बीजिंगमधलं कांस्यही याच यंत्राच्या काळातलं. २०१३ नंतर हौशी बॉक्सिंगमध्येही १०-९ची पद्धत परत आली, पण एक अख्खी पिढी यंत्रासाठी घडून गेली होती.

रिगोंडो त्या पिढीचा मुकुटमणी. २००७ साली रिओच्या पॅन-अमेरिकन स्पर्धेच्या वेळी त्यानं संघ सोडून पळायचा प्रयत्न केला, पकडला गेला, परत पाठवला गेला आणि क्युबाच्या संघाचं दार त्याला बंद झालं. २००९ मध्ये तो देश सोडून मायामीला पोहोचला. १३ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये त्याच्यासमोर होता नोनितो डोनेर, फिलिपिन्सचा, आदल्या वर्षी अमेरिकेतल्या बॉक्सिंग लेखकांनी वर्षाचा सर्वोत्तम बॉक्सर ठरवलेला, डाव्या हुकसाठी, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशासाठी, प्रसिद्ध. रिगोंडोनं त्याला तो हुक जवळजवळ मारूच दिला नाही. डोनेर पाय रोवायच्या बेतात आला की हा अर्धं पाऊल बाहेर. डोनेरनं हात आवरला की याचा डावा सरळ ठोसा आत. दहाव्या राउंडमध्ये रिगोंडो एकदा खाली बसलाही, पण उठून पुन्हा तेच. बाराव्यात त्याच्या डाव्या हातानं डोनेरचा उजवा डोळा असा सुजवला की तो ग्लोव्हनं डोळा झाकत मागे सरत होता. निकाल एकमतानं रिगोंडोच्या बाजूनं. जाणकारांनी कौतुकाचे पूल बांधले. प्रेक्षकांत हुर्यो झाली. आणि हा माणूस टीव्हीवाल्यांना विकायचा कसा, ही चिंता त्याच्या स्वतःच्या प्रमोटरनं, म्हणजे लढती भरवणाऱ्या बॉब अरमनं, जाहीरपणे बोलून दाखवली. त्यानंतर रिगोंडोला मोठ्या लढतीच मिळेनात. हरण्याची भीती जास्त, पैसा कमी, मग त्याच्याशी लढणार कोण? २०१७ साली मोठी लढत मिळाली ती दोन वजनगट वर जाऊन युक्रेनच्या लोमाचेन्कोविरुद्ध. तिथं सहा राउंडनंतर हात दुखावल्याचं सांगून तो स्टुलावरून उठलाच नाही, आणि न आवडणाऱ्यांना आयतं कारण मिळालं.

सदगीरचा, म्हणजे 'आपला असण्याचा', मुद्दा इथं लागू पडतो. पॅकिआओची लढत असली की अख्खा फिलिपिन्स टीव्हीसमोर. ब्रिटनच्या रिकी हॅटनच्या मागे हजारो माणसं गाणी म्हणत लास वेगासला जायची. रिगोंडोला आपला म्हणणारं गावच उरलं नव्हतं. क्युबात तो पळपुटा ठरला आणि अमेरिकेत परका. इंग्रजी मोडकंतोडकं, चेहऱ्यावर माशी हलत नाही. अशा माणसानं चिमूटचिमूट गुण जमवले तर त्याच्यासाठी टाळ्या कोण पिटणार?

व्लादिमिर क्लिच्कोची गोष्ट याहून मजेशीर आहे, कारण तिच्यात शेवटी पारडं फिरतं. युक्रेनचा, जवळजवळ साडेसहा फूट उंच, १९९६च्या ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट सुवर्णविजेता. सुरुवातीला तो मोकळेपणानं ठोसे मारायचा आणि लोकांना आवडायचाही. मग २००३ मध्ये कोरी सँडर्सनं त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये लोळवलं आणि २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरनं पाचव्यात. हनुवटी कच्ची आहे, असा शिक्का बसला. तेव्हा प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्डनं त्याच्या उंचीचाच किल्ला बांधला. डावा हात लांब ठेवून जॅब, जॅब, जॅब. समोरचा कसाबसा आत घुसलाच तर त्याला कवेत घ्यायचं आणि शंभरावर किलोंचा भार त्याच्या मानेवर टाकायचा. रेफरी सोडवणार, पुन्हा लांबून जॅब. ही गोष्ट रटाळ दिसते, पण आत अडकलेल्याचे पाय दोन-तीन राउंडमध्ये जड होतात आणि मग उजवा ठोसा येतो. या पद्धतीवर तो २००६ ते २०१५ विजेता राहिला. २०१३ साली मॉस्कोत पोवेत्किनविरुद्धच्या लढतीत तर मिठ्याच इतक्या झाल्या की त्याचे चाहतेही कंटाळले.

नऊ वर्षं राज्य केलं, पण बॉक्सिंगच्या बहुतेक जगानं त्याला आदर दिला, जीव लावला नाही. २०१५ मध्ये टायसन फ्युरीनं त्याला गुणांवर हरवलं. मग २९ एप्रिल २०१७, लंडनचं वेम्बली, नव्वद हजार माणसं, समोर अँथनी जोशुआ, क्लिच्को एक्केचाळीस वर्षांचा. पाचव्या राउंडमध्ये जोशुआनं त्याला पाडलं. तो उठला. सहाव्यात त्यानं जोशुआला पाडलं. अकराव्यात जोशुआनं त्याला पुन्हा दोनदा पाडलं आणि रेफरीनं लढत थांबवली. क्लिच्को हरला, आणि त्या रात्री नावडत्याचा लाडका झाला. एवढी वर्षं त्यानं प्रेक्षकापासून काय लपवून ठेवलं होतं ते त्या रात्री दिसलं. पडल्यावर हा काय करतो, हे लोकांना बघायचं होतं. न पडणं हेच ज्याचं कौशल्य, त्याला हा प्रश्न कधी विचारताच येत नाही.

काहींच्या बाबतीत दोष ना हातांचा असतो ना पायांचा. त्यांनी नको त्या माणसाला हरवलेलं असतं. लॅरी होम्सचा जॅब हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तमांपैकी मानला जातो. पण तो मुहम्मद अलीच्या पाठोपाठ आला, एकेकाळी अलीचा सरावातला जोडीदार होता, आणि २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांच्या, आतून आजारी असलेल्या अलीला बडवणं त्याच्या नशिबी आलं. दहा राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानं लढत थांबवली. होम्स नंतर रडला. तरी लोकांच्या लेखी तो अलीला मारणाराच राहिला. त्याआधी १९२६ मध्ये जीन टनीनं जॅक डेम्प्सीला हरवलं तेव्हाही हेच. टनी पुस्तकं वाचायचा, शेक्सपिअरवर बोलायचा, आणि डेम्प्सी खाणकामगारांच्या वस्त्यांतून वर आलेला दांडगा गडी. १९२७च्या दुसऱ्या लढतीत डेम्प्सीनं टनीला सातव्या राउंडमध्ये पाडलं, पण नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात जायला उशीर केला. त्यामुळे दहापर्यंतची मोजणी उशिरा सुरू झाली, टनी नऊला उठला आणि शेवटी जिंकला. शंभर वर्षं होत आली, लोक अजून डेम्प्सीचीच बाजू घेऊन भांडतात.

आणि काही वेळा नावड सरळसरळ कातडीच्या रंगाची असते, तिला खेळाचं कारण चिकटवू नये. जॅक जॉन्सन १९०८ साली पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विश्वविजेता झाला. त्याला हरवायला निवृत्त जिम जेफ्रीजला परत बोलावून ४ जुलै १९१० रोजी रिनोत उभं केलं गेलं, तोही हरला, आणि अमेरिकेत अनेक शहरांत दंगली होऊन माणसं मेली. जॉन्सनही सावध लढायचा, मिठीत घेऊन खेळवायचा. पण त्याच्यावरचा राग त्याच्या शैलीवरचा होता असं कुणी म्हणत असेल तर ती थाप आहे. खुद्द अलीलाही १९६७ मध्ये सैन्यभरती नाकारल्यावर निम्म्या अमेरिकेनं शिव्या घातल्या, आणि १९९६ मध्ये अटलांटात थरथरत्या हातानं त्यानं ऑलिंपिकची ज्योत पेटवली तेव्हा त्याच देशानं टाळ्या वाजवल्या.

तोंडाळपणाचा भाग वेगळा. मेवेदरनं तर नावडीचंच दुकान थाटलं. २००६ साली साडेसात लाख डॉलर भरून तो याच प्रमोटर अरमच्या करारातून बाहेर पडला. ५ मे २००७ला मेक्सिकन वंशाच्या ऑस्कर डे ला होयाविरुद्ध लढायला, ऐन मेक्सिकन सणाच्या दिवशी, तो डोक्यावर सोम्ब्रेरो, म्हणजे मोठ्या काठाची मेक्सिकन टोपी, चढवून रिंगमध्ये आला, मेक्सिकन प्रेक्षकांना खिजवायला. 'प्रिटी बॉय' हे जुनं टोपणनाव गेलं, 'मनी' आलं. नोटांच्या थप्प्या, गाड्या, उर्मट बडबड. त्याला नेमकं कळलं होतं की त्याची शैली बघायला कुणी पैसे देणार नाही, पण त्याला हरताना बघायला लोक कितीही देतील. आणि तो हरायचा नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा द्यायचे. धंदा म्हणून हे अफाट डोकं आहे. फसवणूक म्हणता येणार नाही, पण हातात काय पडलं असं विचारलं तर ग्राहकाकडे उत्तर नसतं.

आपल्याकडे बॉक्सिंग बघणारे कमी, तरी आपणही यातून सुटलेलो नाही. मेरी कोम सहा वेळा विश्वविजेती, लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती, घराघरातलं नाव. २०१९ साली ऑलिंपिक पात्रतेच्या संघनिवडीसाठी तिच्याच वजनगटातल्या निखत जरीननं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी लढत मागितली. डिसेंबरात ती दिल्लीत झाली, मेरी कोम ९-१नं जिंकली आणि हात न मिळवता रिंगबाहेर गेली. इतकी वर्षं तिला डोक्यावर घेतलेल्या कित्येकांना ती त्या एका क्षणात नकोशी झाली. ठोसे तेच, पदकं तीच. लोकांना त्या दिवशी हरलेली निखत जवळची वाटली, आणि २०२२ मध्ये तिनं इस्तंबूलला विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा त्या आनंदात या दिवसाची थोडी परतफेडही होती. मला स्वतःला तो राग जरा जास्तच वाटला. छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी आपली जागा सोडायला लागू नये म्हणून लढणाऱ्या बाईकडून हसतमुखाची अपेक्षा आपण पुरुषांकडून इतक्या ठामपणे करतो का?

मेवेदर मला आजही आवडत नाही. शोल्डर रोल कळून, १०-९चं गणित कळून, ठोसे मोजून झाल्यावरही नाही. २०१२ मध्ये तो आपल्या मुलांच्या आईवर हात उचलल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलाय, आणि ते माहीत असताना त्याच्या पदन्यासावर मान डोलवायला मला जमत नाही. ही माझी मर्यादा समजा. पण 'त्याला लढता येत नाही' असं मी म्हणणार नाही. टपरीवरच्या पोरांना एवढंच सांगतो: शिव्या घालायच्या तर कारण नीट निवडा.

रिगोंडोचं तसं नाही, तो मला आवडतो. डोनेरविरुद्धची लढत मिळाली तर बघा. दहावा राउंड शोधून त्यावर उडी मारू नका. पहिल्यापासून, आवाज बंद करून, आणि निदान तीन राउंड दोघांच्या फक्त पायांकडं. डोनेरचा डावा पाय कुठं ठेवायचा बेत आहे आणि रिगोंडो तो कुठं ठेवू देतोय, एवढंच बघायचं. तरीही कंटाळा आलाच, तर खुशाल बंद करून पॅकिआओ लावा.